छाजेड डॉक्टरांचे हात

परतूरला मोंढा रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. एके वर्षी तो अचानक जोरात चालायला लागला आणि काही दिवस मी त्याचं श्रेय माझ्या कलेला दिलं. माणसं यायची, बाकावर बसायची, पासपोर्ट साइज फोटो काढायची. ज्यांना आयुष्यात वाटूरच्या पलीकडे जायचं नव्हतं, अशी म्हातारीकोतारीसुद्धा. खटकायचं एवढंच, की फोटो हातात पडला तरी कुणी उठायचं नाही. मग स्टुडिओच्या मागच्या दारावर पलीकडून टकटक व्हायची, शकिला आपांचा आवाज यायचा, "चला, फोटो धुवून झाला!" आणि बाकावरचा माणूस इकडेतिकडे बघत त्या दाराआड नाहीसा व्हायचा.

दारापलीकडे डॉ. निर्मलचंद छाजेड यांचा चर्मरोगाचा दवाखाना होता.

दोन्ही गाळे छाजेडांचेच. पूर्वी तिथं त्यांच्या कापडदुकानाचं गोडाऊन होतं. एक गाळा मी भाड्यानं घेतला, दुसऱ्यात डॉक्टरांनी दवाखाना टाकला, आणि मधलं दार बुजवायचं राहून गेलं. डॉक्टरांनी बाहेर 'चर्मरोग तज्ज्ञ' अशी मोठी पाटी लावली आणि तिथंच घोटाळा झाला. दातांच्या डॉक्टरकडे गाल धरून गेलं तर लोक हळहळतात. कातडीच्या डॉक्टरकडे गेलं तर लोक अंदाज बांधतात. कोड असेल, महारोग असेल, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं असेल. त्यामुळे सुरुवातीला पुढच्या दारानं फक्त माश्या आल्या. मधल्या दाराचा शोध शकिला आपांचा. त्या दवाखान्यातल्या नर्स, आणि खरं म्हणजे मालकीणच. एका दुपारी डोक्यावरून पदर घेतलेल्या एका बाईला त्यांनी माझ्या स्टुडिओतून आत नेलं, आणि पुढे तोच रस्ता पडला. डॉक्टर एकदा येऊन मला म्हणाले, "फोटोवाले, तुमची काही हरकत?" मी म्हटलं, "हरकत कसली? बसलेच आहेत तर फोटो काढून घेतो." पंचक्रोशीत इतकी खाज आणि इतके पासपोर्ट फोटो एकाच वेळी कुठे निघाले नसतील.

डॉक्टरांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण कित्येक पिढ्या परतूरात. वडील नेमीचंदशेठ कापडाचे मोठे व्यापारी. मुलगा डॉक्टर होतोय म्हटल्यावर त्यांनी मनात हार्टची तयारी केली होती. मुलगा कातडीचा होऊन आला. शेठ गल्ल्यावर बसून आल्यागेल्याला सांगायचे, "आम्ही आजवर माणसं झाकून पोट भरलं. हा माणसं उघडी करून भरणार म्हणतो!"

पण वडिलांची एक गोष्ट डॉक्टरांनी पुरेपूर उचलली होती. शेठ डोळे मिटून अंगठा आणि बोटात कापड धरायचे आणि पोत सांगायचे. डॉक्टर तसेच पेशंटची कातडी धरायचे. आधी बोलणं नाही, विचारणं नाही. आधी हात. कितीही चिघळलेलं असो, खपल्या असोत, वास येत असो, डॉक्टर उघड्या हातानं ते चाचपायचे आणि मग खिडकीशी न्यायचे. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नव्हता. "ट्यूबलाइट खोटं बोलते," म्हणायचे. खिडकीत उन्हाच्या तिरिपेला हात, पाय, मान फिरवून फिरवून बघायचे. मग हात धुवायचे, आणि मग प्रश्न. खाजतं का? घरात अजून कुणाला आहे? आजवर काय काय लावलं? गुण आला का? हे चार प्रश्न ते त्याच क्रमानं सगळ्यांना विचारायचे, तहसीलदाराला आणि धान्याच्या मोंढ्यातल्या हमालालाही.

तिसऱ्या प्रश्नावर दवाखान्याचा निम्मा वेळ जायचा. लोकांनी आधी सगळं लावून झालेलं असायचं. मेडिकलवरून कुणालाही न विचारता आणलेल्या ट्यूबा तर घरोघर. त्यानं आठ दिवस गजकर्ण दबायचं आणि मग दुप्पट जोरानं अंगभर पसरायचं. डॉक्टर सांगायचे, "जे जे लावलं ते पिशवीत घालून घेऊन या." एकदा एका ट्रॅक्टर ड्रायव्हरनं पिशवी रिकामी केली तर तीत ट्यूबा होत्या, टूथपेस्ट होती आणि एका बाटलीत काळं इंजिन ऑइल.

"हे कुणी सांगितलं लावायला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेकॅनिकनं."

"त्याचं बराबर आहे. तुमची मांडी गंजलीय असं त्याला वाटलं असेल."

ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला, "न्हाई, गंज न्हाई म्हणला तो. घासून राह्यलंय म्हणला."

डॉक्टर हसले नाहीत. ते सहसा हसायचेच नाहीत. विनोद करून झाला की दुसऱ्याच कुणीतरी केला असावा अशा चेहऱ्यानं बघायचे. उंच, हाडकुळे, चांगले काळेसावळे. पांढरा बुशशर्ट, कोपराच्या वर दुमडलेल्या बाह्या. संध्याकाळी सूर्य कलला की समोर कलेक्टर असला तरी उठायचे. जैन घर, सूर्यास्ताच्या आत जेवण. "सूर्याला आणि बायकोला एकाच वेळी नाराज करणं मला जमणार न्हाई," म्हणत सायकल काढायचे.

लगीनसराई जवळ आली की दवाखान्यात आया मुलींना घेऊन यायच्या. अशीच एक आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, पोरीचं जमून राह्यलंय. तेवढं जल्दी उजळून द्या."

"आजार काय आहे?"

"आजार न्हाई. रंग."

"रंग आजार असता तर सगळ्यात आधी मी ॲडमिट झालो असतो," डॉक्टर म्हणाले. मग मधल्या दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "गोरं करायचं दुकान तिकडं आहे. कॉम्प्युटरवर होतं. साइड इफेक्ट काही न्हाई."

आणि त्या खरंच इकडे यायच्या. मी करून द्यायचो. आमच्या दोघांत हाताला गुण माझ्याच आहे, असं बायकांचं पक्कं मत होतं.

कोडाचा पेशंट आला की मात्र डॉक्टरांचा आवाज बदलायचा. एका निवृत्त मास्तरांच्या सुनेच्या ओठावर आणि बोटांवर पांढरे डाग आले होते. घरात तिचं ताट वेगळं, पेला वेगळा झाला होता. सासू सोबत आली होती, पण दोन खुर्च्या सोडून बसली होती. डॉक्टरांनी नेहमीचं सांगितलं: हे लागट नाही, शिवल्यानं होत नाही, उष्ट्यानं होत नाही, दूध-मासळीचा संबंध नाही. सासू मान डोलवत होती. मान डोलवणं म्हणजे ऐकणं नव्हे हे डॉक्टरांना पुरेपूर ठाऊक होतं. त्यांनी सुनेच्या पिशवीतली पाण्याची बाटली मागितली. ती बाटली तोंडाला लावून तिनं नुकतंच पाणी प्यायलं होतं. डॉक्टरांनी ती तशीच तोंडाला लावली आणि निम्मी रिकामी केली.

"आता दर महिन्याला येऊन माझं तोंड बघून जा," सासूला म्हणाले.

ही गोष्ट गावभर झाली आणि संध्याकाळी भाभींच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या, कानावर गेली. भाभी संतापल्या. डॉक्टरांना वाटलं, कोडाच्या भीतीनं. तर भाभी म्हणाल्या, "बिना छाना पानी पिया आपने? नळाचं?" जैन घरात पाणी गाळून, उकळून पितात. डॉक्टर दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एका बाईची भीती घालवायला गेल्तो, दुसरीचा धर्म बुडवून आलो."

ती सासू दर महिन्याला नाही, पण अधूनमधून येऊन डॉक्टरांचं तोंड खरंच बघून जायची. सुनेचा पेला घरात परत मिसळला, असं शकिला आपांनी मला सांगितलं.

दवाखान्यासाठी फोटो काढायचं काम माझ्याकडेच होतं. उपचाराआधी एक, नंतर एक. चेहरा येऊ द्यायचा नाही ही डॉक्टरांची सक्त ताकीद. एका दुपारी, पेशंट नसताना, डॉक्टर स्वतःच मधल्या दारानं आले आणि माझ्या लाइटखाली हात ठेवून म्हणाले, "ह्याचा काढा."

उजव्या हाताच्या तर्जनीला, नखाच्या खाली, तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. मी फोटो काढला. डॉक्टर माझ्या मागे उभे राहून स्क्रीनवर तो मोठा करून बघत होते. कुण्या परक्याचा हात असावा तसे.

"नाव काय टाकू?" मी विचारलं.

"नाव नका टाकू."

मग म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरवर हे जातं का हो?"

विनोद केला असं समजून मी हसलो. ते उत्तराची वाट बघत होते.

पुढच्या महिन्यांत ठिपका शेजारच्या बोटावर गेला, मग मनगटाकडे सरकला, दुसऱ्या हातावरही आला. आणि एके सकाळी डॉक्टर रबरी हातमोजे घालून खुर्चीत बसलेले दिसले. साबणाची ॲलर्जी झालीय, असं त्यांनी शकिला आपांना सांगितलं. शकिला आपांनी ते तसंच पेशंटना सांगितलं, पण सांगताना त्या खाली बघायच्या. बुशशर्टाच्या बाह्याही आता मनगटापर्यंत उतरल्या होत्या.

डॉक्टरांना वाटलं होतं, हातमोज्यांनी झाकलं जाईल. झाकलं गेलंही. कोडाची शंका कुणाला आली नाही. लोकांनी वेगळाच अर्थ काढला. इतकी वर्षं जो माणूस आपली पुवाळलेली बोटं उघड्या हातानं धरायचा, त्याला आता आपली किळस यायला लागली. चहाच्या टपरीवर मी कानांनी ऐकलं, "डॉक्टर आता मोठा झाला. हात लावायला रबर लागतंय." गिऱ्हाईक हळूहळू पातळ झालं. माझे पासपोर्ट फोटोही. मधल्या दारावरची टकटक कधीकधी सबंध दुपारभर ऐकू यायची नाही. डॉक्टर खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायचे, हात मांडीवर, मोजे घातलेले. त्यांना कारण ठाऊक होतं. ज्या गोष्टीसाठी लोक यायचे तीच त्यांनी झाकली होती. पण मोजे काढायचे तर खालचं दिसणार, आणि ज्या गावाला 'लाजू नका, झाकू नका' असं आयुष्यभर बजावलं त्या गावासमोर ते धाडस त्यांनाच होत नव्हतं. सांगायला ते सगळ्यांना सांगायचे, आता ऐकायला स्वतःच बसले होते, तर ऐकू येत नव्हतं.

वाटूरहून कौतिकाबाई नावाची एक म्हातारी यायची. तळपायाला सोरायसिस, भेगा पडून रक्त यायचं. डॉक्टर तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बघायचे आणि ती जन्मभराची सगळी भांडणं त्या वेळात सांगून टाकायची. हातमोज्यांनंतर ती पहिल्यांदाच आली तेव्हा तिच्या पायाचा फोटो घ्यायला मला बोलावलं होतं. डॉक्टरांनी पाय उचलायला हात पुढे केला. म्हातारीनं पाय मागे घेतला.

"का ओ डॉक्टर, माझा पाय आता वंगाळ झाला का?"

"न्हाई हो आजी, तसं न्हाई."

"मंग ते रबर काढा की."

"साबणाची ॲलर्जी झाली मला."

"मंग साबण सोडा. हात कशाला सोडता?"

म्हातारी खुर्चीतून उठली, पायात चप्पल सरकवायला लागली. "मी काही वाटूरहून रबराला पाय दाखवायला आले न्हाई," म्हणाली.

ती दारापर्यंत गेली. तेव्हा डॉक्टरांनी मोजे काढले. घाईघाईनं नाही, एक बोट, मग दुसरं, एखादी पट्टी सोडवावी तसे. दोन्ही हात टेबलावर ठेवले. काळ्यासावळ्या हातांवर पांढरे डाग, नकाशातल्या बेटांसारखे. शकिला आपा भिंतीकडे वळल्या.

कौतिकाबाई परत आली. तिनं डॉक्टरांचा उजवा हात उचलला, अंगठ्यानं डाग दाबून बघितला आणि त्यांना ओढत खिडकीशी नेलं. उन्हाच्या तिरिपेला हात फिरवला.

"खाजतंय का?"

"न्हाई," डॉक्टर म्हणाले.

"घरात कुणाला होतं?"

"आत्याला होतं."

"काय लावून राह्यला?"

"मलम आहे एक."

"गुण?"

"अजून तरी न्हाई."

"येईल. धीर धरायचा," म्हातारी म्हणाली. "असंच म्हणता ना तुमी?" मग ती जाऊन खुर्चीत बसली आणि पाय सरळ डॉक्टरांच्या मांडीच्या जागी पुढे केला. "एवढंच होय! मला वाटलं, आमचा विटाळ व्हायला लागला तुमाला. बसा आता, माझं बघा."

डॉक्टर बसले. पाय मांडीवर घेतला. त्या दिवशी त्यांनी तो जरा जास्तच वेळ बघितला. माझा फोटो हलला होता, पण मी दुसरा काढला नाही.

त्यानंतर मोजे कचऱ्यात गेले आणि बाह्या परत कोपराच्या वर. आता सगळ्या गावाला कळलं, आणि गावात तीन पक्ष झाले. पहिला म्हणायचा, ज्याला स्वतःचं बरं करता येत नाही तो आपलं काय करणार. दुसरा म्हणायचा, ज्याला स्वतःला झालंय त्याच्याचकडे खरं औषध असणार. आणि कोडाचे पेशंट पार अंबड, घनसावंगीकडून यायला लागले. डॉक्टर म्हणायचे, "दोघंही येडे. पण दुसरे निदान दवाखान्यात तरी येतात." तिसऱ्या पक्षाचा मात्र त्यांना फार त्रास झाला. तो म्हणायचा, पेशंटचं लागलं. "इतकी वर्षं घसा कोरडा केला," एकदा चहा पिताना मला म्हणाले, "शिवल्यानं होत न्हाई, शिवल्यानं होत न्हाई. आणि माझ्या एका बोटानं सगळं पुसून टाकलं."

खरी परीक्षा पुढे होती. त्यांचा मुलगा अभय पुण्याला इंजिनिअर. त्याच्यासाठी जालन्याच्या एका बड्या व्यापाऱ्याची मुलगी सांगून आली. जालन्याचे शेठ, शेठाणी, मुलगी, मुलीचे मामा, सगळे एका रविवारी परतूरला आले. फोटोसाठी मला बोलावलं. भाभी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून हळूच म्हणाल्या, "भैया, फोटोत यांचे हात येऊ देऊ नका." मागे डॉक्टर पाणी घ्यायला आलेले होते. त्यांनी ऐकलं, पाणी घेतलं आणि गेले.

मारवाडी घरात पाहुण्याला मनुहार करतात. यजमान स्वतःच्या हातानं मिठाईचा घास पाहुण्याच्या तोंडात घालतो. तो नाकारणं म्हणजे घर नाकारणं. जेवताना डॉक्टर उठले. भाभी डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. डॉक्टरांनी बदामकतलीचा तुकडा उचलला आणि शेठच्या तोंडासमोर धरला. पांढरी बोटं, पांढरी कतली. पंगत थांबली.

शेठनी हात जोडले. "माफ करा डॉक्टरसाहेब. शुगर आहे."

डॉक्टरांनी तो तुकडा स्वतःच्या ताटात ठेवला. थोड्या वेळानं मामांच्या हातून शेठनी गुलाबजाम घेतला. आणि मग अजून एक.

आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. भाभींनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं. अभय फोनवर म्हणाला, बरं झालं, मला त्या घरात जायचंच नव्हतं. पण भाभींचं समाधान झालं नाही. "यांच्या हातानं पोराचं लग्न मोडलं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, डॉक्टरांसमोरही.

दिवाळीनंतर एका दुपारी माझ्या स्टुडिओत एक गृहस्थ आले. काळा चष्मा, डोक्यावर टोपी. बाकावर बसले. "पासपोर्ट फोटो," म्हणाले. चष्मा काढल्याशिवाय फोटो निघत नाही, म्हणून त्यांनी तो काढला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं. जालन्याचे शेठ. जालन्यात कातडीचे डॉक्टर हवे तेवढे. पण तिथं त्यांना ओळखणारेही हवे तेवढे. मधल्या दारावर टकटक झाली. शेठ उठले आणि आत गेले.

थोड्या वेळानं मला कॅमेरा घेऊन बोलावलं. शेठ सदरा काढून खिडकीशी पाठमोरे उभे होते. कमरेपासून खांद्यापर्यंत पांढरे डाग. नवे नव्हते, कित्येक वर्षांचे. डॉक्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. दोघांच्या रंगात कुठं हात संपतो आणि कुठं पाठ सुरू होते ते कॅमेऱ्याला कळेना.

"हे बाहेर..." शेठ म्हणाले.

"फोटोवाल्यांना डोळे न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "नुसता कॅमेरा आहे."

मी फोटो काढले. शेठ सदरा घालताना अडखळत म्हणाले, "तुमच्या घरचं ते... पत्रिकेचं..."

"सकाळ-संध्याकाळ लावायचं," डॉक्टर चिठ्ठी पुढे करत म्हणाले. "उन्हाचा वेळ मी सांगेन तेवढाच. महिन्यानं या. पुढच्या दारानं आलात तर बरं, पण तुमची मर्जी."

शेठ महिन्यानं आले. पुढेही येत राहिले, आणि शेवटपर्यंत माझ्याच दारानं. आज ते हयात नाहीत, आणि मी इथं त्यांचं नाव लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी ही गोष्ट घरात सांगितली नाही. भाभी पुढे कैक वर्षं पाहुण्यांसमोर तेच सांगत राहिल्या, यांच्या हातानं मोडलं म्हणून. डॉक्टर शेजारी बसून ऐकायचे, चहा प्यायचे. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. मी एकदा न राहवून विषय काढला, तर म्हणाले, "त्यांचं चुकलं कुठं? त्यांच्याकडं आहे, आपल्याकडंही आहे. दोन्हीकडनं नको, असा हिशेब त्यांनी केला. हिशेब बराबर होता. नुसतं बोलायचं धाडस न्हाई झालं." मग म्हणाले, "मला तरी कुठं झाल्तं?"

अभयनं पुढे पुण्यातच आपल्या पसंतीनं लग्न केलं. सुनेनं घरी पहिल्यांदा आल्यावर डॉक्टरांच्या हातून बदामकतली खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. भाभींनी ते पाहिलं. पण जालन्याच्या स्थळाबद्दलची तक्रार काही मागे घेतली नाही.

दरम्यान डॉक्टरांच्या अंगावरचे डाग वाढत गेले. मलमानं ऐकलं नाही. हात गेले, मान गेली, चेहऱ्यावरची बेटं एकमेकांना मिळाली आणि काही वर्षांत काळेसावळे छाजेड डॉक्टर सगळेच्या सगळे गोरेपान झाले. जुनी माणसं ओळखायची, नव्यांना काय ठाऊक! लगीनसराईत सेलूकडून एक मुलगी आईला घेऊन आली. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणं रंगाचं औषध द्यायला नकार दिला. मुलगी चिडली. म्हणाली, "स्वतः कसले गोरे झालात! तुमी काय लावता ते तेवढं सांगा ना. आमाला कशाला लपवता?"

त्या दिवशी मी डॉक्टरांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शकिला आपा घाबरून धावत आल्या. मुलीला वाटलं, चेष्टा केली. ती रागानं निघून गेली. डॉक्टर हसत राहिले, मग हसणं ओसरलं, आणि आपल्याच हाताच्या पाठीकडे बघत बसले.

ऊन सोसेना झालं. दुपारी छत्री, लांब बाह्या, तरी चेहरा भाजायचा. भाभींचे गुडघेही गेले. शेवटी अभयनं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. दवाखाना बंद झाला. पाटी उतरवायला डॉक्टर स्वतः शिडीवर चढले होते.

ते निघाले त्या सकाळी परतूर स्टेशनवर आम्ही काही माणसं गेलो होतो. शकिला आपा नातवाला घेऊन आल्या होत्या. गाडी इथं जेमतेम थांबते. भाभी आणि अभय डब्यात सामान लावत होते, डॉक्टर दाराशी उभे होते. तेवढ्यात गर्दीतून धोतर-सदऱ्यातला एक शेतकरी धावत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. भर फलाटावर, सगळ्यांच्या देखत त्यानं सदरा डोक्यावरून काढला आणि उघडी पाठ डॉक्टरांकडे केली.

"काल दवाखान्यावर गेल्तो. कुलूप होतं," तो म्हणाला. "एवढं बघून जा."

डॉक्टर खाली उतरले. भाभी आतून ओरडल्या. डॉक्टरांनी त्या माणसाला खांद्याला धरून उन्हाकडे वळवलं, पाठीवर हात ठेवला, वाकून बघितलं. हमाल थांबले, बायका बघत होत्या. तो माणूस मात्र खुशाल उभा होता.

"गजकर्ण आहे. मोठं न्हाई. मेडिकलवरची ट्यूब आणू नका. शकिला आपा सांगतील कोणता डॉक्टर ते. आणि हे बघा, नखं लावू नका ह्याला."

गाडीनं शिटी दिली. अभयनं हात देऊन त्यांना वर ओढून घेतलं. गाडी हलली. खिडकीतून डॉक्टरांचा पांढरा हात बाहेर आला आणि जोरजोरात हलायला लागला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले, शकिला आपांनी नातवाचा हात धरून हलवला. गाडी सिग्नलपाशी गेली तरी तो हात हलतच होता.

सदरा खांद्यावर टाकलेला तो शेतकरी तेवढा हात हलवत नव्हता. त्यानं खाजवायला पाठीकडे गेलेली आपली बोटं पटकन खाली घेतली आणि दोन्ही हातांनी धोतर घट्ट धरून उभा राहिला.